कृपेला पाकीट लागत नाही: आमच्या पाळकसाहेबांना आणि पास्टोरेट कमिटीला खुलं पत्र

माननीय पाळकसाहेब, सेक्रेटरी साहेब आणि कमिटीचे सगळे सभासद,

जय ख्रिस्त.

दानाच्या पाकिटांबद्दल आणि उपासनेत केलेल्या बदलांबद्दल मी आधी तुम्हाला खाजगीत लिहून दिलं होतं, एकदा नाही दोनदा. पहिलं पत्र नोव्हेंबरमधे चर्चच्या ऑफिसात दिलं, दुसरं जानेवारीत, वार्षिक सभेच्या आठ दिवस आधी. सभेत मी हात वर केला तेव्हा माझं पत्र विषयपत्रिकेत नाही असं सांगितलं गेलं, आणि लगेच चहा तयार असल्याचं जाहीर झालं. आज सहा महिने होऊन गेले, ना उत्तर ना निरोप. म्हणून आता उघडपणे लिहितेय. चर्चचं नाव लिहिणार नाही, कुणा माणसाचंही नाव लिहिणार नाही, कारण मला कुणाची बदनामी करायची नाहीये. आणि खरं सांगायचं तर हे फक्त आपल्याकडेच चाललंय असंही नाही, हे वाचताना बऱ्याच जणांना आपापली मंडळी आठवेल.

जानेवारीच्या त्याच सभेत ठराव पास झाला तो असा. दर महिन्याचा पहिला रविवार हा आशीर्वादाचा रविवार. त्या दिवशी दारातच प्रत्येकाला पाकीट मिळणार, पाकिटावर तीन चौकोन छापलेले, ५०१, १००१ आणि ५००१, त्याखाली प्रार्थनेची विनंती लिहायला दोन ओळी. दान उपासनेच्या सुरुवातीलाच गोळा करायचं. ५००१ वाल्यांची नावं स्टेजवरून घेऊन पाळकसाहेब स्वतः एकेकासाठी प्रार्थना करणार, बाकीच्यांसाठी एकत्र प्रार्थना. पुढच्या दोन रांगा राखीव. आणि वेळ पुरत नाही म्हणून पापांगीकार, म्हणजे सगळ्यांनी मिळून पाप कबूल करायची प्रार्थना, वगळायचा, कारण नवीन येणाऱ्या लोकांना तो निगेटिव्ह वाटतो. हे शेवटचं वाक्य मी मिनिट्समधून घेतलंय, माझं नाही.

मी ३४ वर्षं या मंडळीची सभासद आहे. माझ्या दोन्ही मुलांचा बाप्तिस्मा इथेच झाला, १९ वर्षं मी शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, घेतली, तुमच्यातले दोघं कमिटी सभासद माझ्या वर्गात होते, त्यांना दहा आज्ञा मीच पाठ करून घेतल्यात. त्यामुळे बाहेरून कोणी बोट दाखवतंय असं समजू नका.

माझं माहेर नेवासे तालुक्यातलं. गावात चर्च म्हणजे एक खोली, वर पत्रे, खाली शेणाने सारवलेली जमीन. शनिवारी संध्याकाळी आजी ती सारवायची. आजीला अक्षर वाचता येत नव्हतं पण भजनं शेदीडशे तोंडपाठ, ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची तर एकही ओळ चुकायची नाही. रोज भाकरीचं पीठ मळायच्या आधी ती मूठभर पीठ काढून वेगळ्या डब्यात टाकायची, आणि रविवारी तो डबा पदराखाली धरून चर्चला न्यायची. किती झालं हे तिने कधी मोजलं नाही आणि आमच्या पाळकांनी कधी विचारलं नाही. मी एकदा विचारलं होतं, आजी हे दिल्यावर देव आपल्याला काय देतो गं. ती म्हणाली, अगं दिल्यावर नाही, त्याने आधीच दिलंय म्हणून आपण देतो. मी तेव्हा आठ वर्षांची असेन, कारण ते ७२ च्या दुष्काळाचं वर्ष होतं, आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि आम्हा पोरांसाठी तिकडची सुकडी पदरात बांधून आणायची. त्या वर्षी डब्यात कधी कधी पीठच नसायचं. तेव्हा ती रिकामा डबा घेऊन जायची, पण जायची. कुणीही तिला म्हणालं नाही की बाई तुझा विश्वास कमी आहे म्हणून पाऊस पडत नाही.

धर्मशास्त्र मी पुस्तकातून नंतर शिकले. पण कृपा म्हणजे काय हे मला त्या डब्यातून कळलं. आधी देव देतो, मग माणूस देतो. तुमच्या पाकिटाने हा क्रमच उलटा केलाय.

आणि क्रम ही लहान गोष्ट नाहीये पाळकसाहेब, तुम्ही सेमिनरीत शिकलात, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. आपली उपासना जशी लहानपणापासून चालत आलीये ती बघा. आधी देव बोलावतो, म्हणजे वचनातून उपासनेसाठी पाचारण होतं, आपण आपल्या पायाने येतो पण बोलावणारा तो असतो. मग त्याच्या पवित्रपणासमोर उभं राहिल्यावर आपल्याला आपण कोण आहोत ते कळतं आणि आपण पाप कबूल करतो. मग पाळक क्षमेची घोषणा करतात. मग वचन वाचलं जातं, उपदेश होतो. आणि मग, हे सगळं मिळून झाल्यावर, दानार्पण. शेवटी आशीर्वचन, ते सगळ्यांना सारखंच, दारात चपला शोधत उभ्या असलेल्या माणसालाही. म्हणजे देणं हे उत्तर आहे. जे मिळालं त्याचं उत्तर. तुम्ही दान उचलून सगळ्यात पुढे नेलं आणि कबुली काढून टाकली, तर आता येणाऱ्या माणसाला उपासना काय शिकवते? की देव आधी हात पुढे करतो, आणि त्या हातात काय पडलं ते बघून मग बोलतो. असा देव बायबलमधे नाही. असे देव आपल्या बापजाद्यांनी पुष्कळ पाहिले होते, नवस मागणारे, नाही दिलं तर कोपणारे, आणि त्यांच्या भीतीतून सुटून ते ख्रिस्ताकडे आले होते.

पापांगीकार निगेटिव्ह वाटतो म्हणता. लूकच्या अठराव्या अध्यायात दोन माणसं मंदिरात जातात. परुशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, उभा राहून आपण काय काय करतो ते देवाला सांगतो, आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशांश, एकदम पॉझिटिव्ह प्रार्थना आहे ती. जकातदार लांब उभा राहतो, डोळे वर करत नाही, छाती बडवून एवढंच म्हणतो की देवा मज पाप्यावर दया कर. नीतिमान ठरून घरी कोण गेला ते प्रभूनेच सांगून ठेवलंय. आपल्या आत्ताच्या उपासनेत त्या जकातदाराला तोंड उघडायला जागाच राहिली नाही. आणि मला काळजी वाटते ती याची की मी स्वतः दर रविवारी जकातदाराच्या जागी असते. आठवडाभर सुनेशी बोलताना जे बोलू नये ते बोललेली असते, शेजारणीचा हेवा केलेला असतो, ते सगळं घेऊन मी येते आणि ते खाली ठेवायला मला जागा पाहिजे. ती ओळ आपण सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणायचो ना, तेव्हा माझ्या शेजारी डॉक्टर बसलेले असायचे आणि मागे वॉचमनकाका, आणि तिघांच्या तोंडी एकच शब्द. पाप काढून टाकलं की कृपा हा शब्द नुसता लोंबकळत राहतो, कशासाठी कृपा, कुणावर कृपा. मग आपोआप तिचा अर्थ होतो नोकरी, फ्लॅट, व्हिसा.

आता राखीव रांगांबद्दल. याबद्दल मी फार लिहीत नाही. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढा आणि कमिटीच्या मीटिंगमधे मोठ्याने वाचा. सोन्याची अंगठी घातलेला माणूस आणि मळक्या कपड्यातला गरीब एकाच सभेत येतात, एकाला चांगली जागा आणि दुसऱ्याला तू तिथे उभा राहा. दोन हजार वर्षांपूर्वी लिहिलंय. मार्चच्या पहिल्या रविवारी त्या राखीव बाकावर चुकून बसलेल्या म्हाताऱ्या बाईंना उठवून मागे बसवलं. गुडघे दुखतात म्हणून त्या पुढे बसल्या होत्या. मी बघत होते, तुमच्यातलेही चारजण बघत होते.

आता अक्काबद्दल. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय पण तेच लिहायला बसलेय.

माझी थोरली बहीण याच मंडळीची सभासद होती. तिला स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, केमो सुरू होते. मागच्या वर्षी मे महिन्यात आपल्या कंपाउंडमधे तीन दिवसांचा आशीर्वाद महोत्सव झाला, मोठा मांडव, एलईडी स्क्रीन, बाहेरगावचे वक्ते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या वक्त्यांनी सांगितलं की जे देताना सगळ्यात जास्त दुखेल ते देवाला द्या, ते तुमचं बी आहे, जसं बी तसं पीक. त्यांनी मंदिराच्या दानपेटीत विधवेने टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन अगदी लहान नाण्यांची, गोष्ट सांगितली. अक्का विधवा होती. तिने हातातल्या पाटल्या काढल्या आणि पुढे जाऊन त्या तबकात ठेवल्या. त्या पाटल्या आईच्या होत्या. तिच्या डोक्यावर हात ठेवून स्टेजवरून जाहीर केलं गेलं की ताई बऱ्या झाल्या, आता मागे वळून बघायचं नाही, औषधाकडे बघणं म्हणजे मागे वळून बघणं. मी तिथेच होते, तिसऱ्या रांगेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, याची मला आज लाज वाटते.

त्यानंतर तिने केमोच्या दोन सायकल चुकवल्या. मी रडून, भांडून तिला परत हॉस्पिटलात नेलं तोवर जुलै उजाडला होता. डॉक्टर म्हणाले आजार आधीच पसरत होता, त्यामुळे त्या दोन सायकल चुकल्या म्हणूनच ती गेली असं मी म्हणत नाही आणि म्हणणारही नाही. ऑगस्टमधे ती प्रभूमधे निजली. मरण आपल्याला नवीन नाही, आपण पुनरुत्थानाची आशा धरणारे लोक आहोत. पण शेवटच्या आठवड्यात एका रात्री, दोन वाजले असतील, तिने मला उठवलं आणि विचारलं, माझा विश्वास कमी पडला का गं?

पाळकसाहेब, जी बाई साठ वर्षं ख्रिस्तावर विसंबून जगली तिला मरताना स्वतःचा विश्वास मोजायला लावला आपण. तिची नजर ख्रिस्तावरून काढून तिच्याच हृदयाकडे वळवली, त्यात काही कमी आहे का ते शोधायला. हे तिच्या आजारापेक्षा वाईट झालं असं मला वाटतं, आणि हे आपल्या चर्चच्या कंपाउंडमधे, कमिटीने बोलावलेल्या माणसाकडून, तुम्ही स्टेजवर बसलेले असताना झालं.

मी नंतर तेच भाग बायबलमधे पुन्हा काढून वाचले. विधवेची गोष्ट मार्क बाराच्या शेवटी आहे. तिच्या लगेच आधी काय लिहिलंय माहितीये? शास्त्र्यांपासून सांभाळा असं प्रभू म्हणतो, ते विधवांची घरं गिळून टाकतात आणि दिखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. मग लगेच विधवा येते आणि आपली सगळी उपजीविका टाकते. हे वाक्य आणि ती बाई शेजारी शेजारी आहेत. वक्त्यांनी गोष्ट सांगितली, पण तिच्या आधीची ओळ सांगितली नाही. तिसऱ्या दिवशी इब्री अकरावा अध्याय वाचला, विश्वासाने राज्यं जिंकली, सिंहांची तोंडं बंद केली, स्त्रियांना त्यांची मेलेली माणसं परत मिळाली, आणि तिथेच थांबले. ते पस्तिसाव्या वचनाच्या अर्ध्यावर थांबले! त्याच वचनात पुढे आहे की दुसऱ्यांचे हाल झाले, मग पुढे फटके, बेड्या, दगडमार, करवतीने कापलेले, मेंढरांची कातडी पांघरून रानोमाळ भटकलेले. आणि त्या सगळ्यांबद्दल लिहिलंय की त्यांच्याबद्दल विश्वासामुळे साक्ष देण्यात आली तरी त्यांना वचन प्राप्त झालं नाही. म्हणजे सिंहाचं तोंड बंद करणाराही विश्वास आणि करवतीखाली मरणाराही विश्वास, दोघं एकाच यादीत. अक्का त्या यादीच्या दुसऱ्या भागातली होती. प्रेषित पौलाने शरीरातला काटा काढ म्हणून देवाला तीनदा विनंती केली आणि त्याला उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे. पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची हिंमत आहे का?

तिला मी त्या रात्री काय उत्तर दिलं ते सांगते. मी म्हणाले, अक्का, तू त्याला धरलंयस म्हणून तू वाचणार नाहीयेस, त्याने तुला धरलंय. मला जास्त काही सुचलं नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग आजीचं भजन म्हणायला लागली, आवाज नव्हताच, नुसते ओठ हलत होते.

आपल्या मराठी मंडळीला हे सगळं बाहेरून शिकायची गरज नाहीये, आपल्याकडे हे शिकवणारी माणसं होऊन गेलीत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधे झाला. संस्कृतच्या पंडिता, शास्त्र कोळून प्यालेल्या, पुढे शारदा सदन काढलं, विधवांसाठी जीव टाकला. आणि एवढं सगळं चालू असताना त्यांना बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी कळलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय पण ख्रिस्त अजून सापडलेला नाही. हे त्यांनी स्वतः आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. एवढी मोठी बाई, चांगल्या कामांची काही कमी नाही, आणि तरी तिला कबूल करावं लागलं की तारण हे चांगल्या कामांनी किंवा हुशारीने मिळवायची वस्तू नाही, जसे आहोत तसे रिकाम्या हातांनी यायचं. मग १९०५ साली त्यांनीच काढलेल्या केडगावच्या मुक्ति मिशनमधे जे संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती झाली, त्यात तिथल्या मुली कशासाठी रडत होत्या? स्वतःच्या पापांसाठी. दुष्काळातून आलेल्या, ज्यांच्याकडे अंगावरच्या लुगड्याशिवाय काही नव्हतं अशा मुली. त्यांच्याकडून कोण पाकीट घेणार होतं! रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात घालवली, साध्या बाईला समजेल अशा मराठीत, ते छापायचं कामही तिथल्या बायकांनीच केलं आणि त्या गेल्यावर दोन वर्षांनी, १९२४ साली ते पूर्ण बायबल बाहेर आलं. वचन बाईच्या हातात यावं, कुणी अर्धं वाचून दाखवलं तर उरलेलं अर्धं तिने स्वतः वाचावं, यासाठी एवढा खटाटोप. आणि आपल्या मंडळीत आता स्क्रीनवर एक वचन येतं, त्याच्या आधीचं नाही, नंतरचं नाही, मागे सूर्योदयाचं चित्र.

गाण्यांबद्दल माझ्यावर आरोप झाला की मावशींना गिटार आवडत नाही. असं नाहीये. टिळक स्वतः त्यांच्या काळात नवेच होते. १८९५ मधे त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मंडळीत इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गाणी चालायची, त्यांनी अभंग, भजन, कीर्तन मंडळीत रुजवलं, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारा माणूस तो. त्यामुळे चाल नवी असो, गिटार असो, ढोलकी असो, माझी काही तक्रार नाही, आमच्या तरुण संघातली पोरं सुंदर वाजवतात. माझी तक्रार शब्दांबद्दल आहे. एका रविवारी मी लक्ष देऊन ऐकलं, सहा गाणी झाली, त्यात मी जिंकणार, मी उंच जाणार, माझा शत्रू खाली पडणार हे पुन्हा पुन्हा आलं, आणि क्रूस एकदाही आला नाही. माझ्या आजीने खडी फोडताना ती सहा गाणी म्हटली असती तर तिला ती खोटी वाटली असती. तिला तिच्या भजनांनी त्या उन्हात धरून ठेवलं कारण त्या भजनांमधे दुःख सोसलेला प्रभू होता. उपासना संगीताची सगळी पुस्तकं आता मागच्या खोलीत खोक्यात भरून ठेवलीत, वरच्या खोक्याला वाळवी लागायला लागलीये, हे निदान कुणीतरी बघा.

आणखी एक. ही पाकिटं पहिल्यांदा वाटली ती ठरावाच्याही आधी, मागच्या ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. तो धर्मसुधारणेचा रविवार होता. १५१७ साली ३१ ऑक्टोबरला मार्टिन लूथर या जर्मन धर्मगुरूने विटेनबर्गला ९५ मुद्दे मांडले ते कशामुळे? रोममधल्या सेंट पीटरच्या बांधकामासाठी पैसा पाहिजे होता आणि टेट्झेल नावाचा माणूस गावोगाव फिरून पापदंडाच्या माफीची पत्रं विकत होता, अगदी मेलेल्यांच्या नावानेसुद्धा. लूथरचा पहिलाच मुद्दा असा की प्रभूने पश्चात्ताप करा म्हटलं तेव्हा विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं असं त्याला म्हणायचं होतं. ज्या दिवशी हे आठवायचं त्याच दिवशी आपण पश्चात्ताप काढला आणि दरपत्रक आणलं. तो योगायोग असेल, कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण कुणाच्याच लक्षात आलं नाही याचं मला जास्त वाईट वाटतं.

तुमचं म्हणणं मला माहिती आहे, ट्रेझरर साहेबांनी मला वैयक्तिक सांगितलंय. छप्पर गळतंय, पाळकांचा पगार वेळेवर होत नाही, शाळेची जुनी भिंत पडायला आलीये, आणि तरुण मुलं दुसऱ्या चर्चेसमधे चाललीत. हे सगळं खरं आहे. मग तसं सांगा ना! सरळ सांगा की छपराला एवढा खर्च आहे, आपलं घर आहे, सगळ्यांनी हात लावू. मी माझ्या पेन्शनमधून देईन, आधीही दिलंय. मंडळीने मंडळीला लागणारं द्यावं यात चूक काहीच नाही, पौलानेसुद्धा यरुशलेमच्या गरिबांसाठी मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली. पण छपरासाठी पैसे मागणं वेगळं आणि देवाच्या आशीर्वादाला भाव लावून छपरासाठी पैसे काढणं वेगळं. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात शिमोन पैसे घेऊन प्रेषित पेत्राकडे जातो, देवाचं दान विकत मागायला, आणि पेत्र त्याला काय म्हणतो ते वाचा. तिथे निदान विकत घेऊ बघणारा होता, विकणारा कुणी नव्हता. आपल्याकडे विकणारे आपण आहोत. यशया पंचावन्नमधे देव हाका मारतोय की पैसा नसलेल्यांनो या, मोल दिल्याशिवाय घ्या, आणि आपण त्याच्या दारात उभं राहून तिकीट फाडतोय.

तरुण मुलांचं म्हणाल तर, मुलांनी मंडळीचे पूर्ण सभासद होण्याआधीचा कन्फर्मेशन क्लास पूर्वी सहा महिने चालायचा, आता एका शनिवारी दहा ते चार, मधे जेवण. देव कोण आहे, पाप काय, ख्रिस्ताने क्रूसावर काय केलं, कृपा म्हणजे काय, प्रभुभोजनाला कसं यायचं, हे पाच तासांत शिकलेलं पोरगं जिथे आवाज मोठा तिथे जाणारच. त्याला दोष देऊ नका.

माझ्या मागण्या अशा.

पापांगीकार आणि क्षमेची घोषणा येत्या रविवारपासून परत सुरू करा, दर रविवारी, त्याला चार मिनिटं लागतात. पाकिटावरचे चौकोन काढा, स्टेजवरून रक्कम किंवा देणाऱ्याचं नाव घेणं बंद करा, दानार्पण उपदेशानंतर घ्या. प्रार्थना ज्याला पाहिजे त्याच्यासाठी करा, नाव घेऊन करा, त्याने काही दिलंय की नाही हे प्रार्थना करणाऱ्याला माहितीच नसावं. राखीवचे कागद काढा, आणि काही राखीव ठेवायचंच असेल तर पहिला बाक गुडघे दुखणाऱ्यांसाठी ठेवा. कन्फर्मेशन क्लास पुन्हा सहा महिन्यांचा करा, मी शिकवायला तयार आहे, मानधन नको. मे महिन्यातल्या महोत्सवात किती जमलं, किती खर्च झालं, वक्त्यांना काय दिलं, याचा हिशोब नोटीस बोर्डावर लावा. यापुढे आपल्या स्टेजवरून कुणीही कुणाला औषध सोडायला सांगणार नाही असा ठराव लिहून करा.

आणि एक मागणी फक्त पाळकसाहेबांकडे. अक्काच्या पाटल्या मला परत नकोत. मला एवढंच पाहिजे की ज्या चर्चच्या आवारात ते बोललं गेलं तिथल्याच पुलपीटवरून, रविवारी, सगळ्यांसमोर तुम्ही सांगा की आजारी माणूस बरा झाला नाही तर त्याचा विश्वास कमी पडला असं देवाचं वचन शिकवत नाही, आणि त्या दिवशी जे सांगितलं गेलं ते चूक होतं. तुम्ही स्वतः ते बोलला नाहीत हे मला माहितीये. पण कळप तुमच्याकडे सोपवलेला आहे. आपल्या मंडळीत आत्ता आणखी तीनजण कॅन्सरचे उपचार घेताहेत, तुम्ही त्यांना भेटायला जाता, त्यातली एक बाई महोत्सवात माझ्या अक्काच्या मागेच रांगेत उभी होती. तिला हे तुमच्या तोंडून ऐकायची गरज आहे. रात्री दोन वाजता तिच्या घरी तो प्रश्न विचारला जाण्याच्या आधी.

येत्या २२ तारखेला अक्काला जाऊन वर्ष होईल. संध्याकाळी सात वाजता आमच्या घरी प्रार्थनासभा आहे, सगळ्या कमिटीला आमंत्रण आहे आणि ते मनापासून आहे. पाळकसाहेब, तुम्ही लूकचा अठरावा अध्याय वाचा, जकातदाराचा भाग, आणि पापांगीकार घ्या. आम्हा सगळ्यांना तो अजून तोंडपाठ आहे.

ख्रिस्तात आपली,
मंडळीची एक सभासद